पोकळ हात

दापोलीला बदली होऊन आले आणि दुसऱ्याच सकाळी मी शेजारच्या घरात भांडायला गेले.

कारण तसंच होतं. नीट उजाडलंही नव्हतं आणि दगडी गडग्यापलीकडच्या घरातून धपाधप मारल्याचा आवाज येत होता. मधूनच एक बाई खोकायची. घसा खाकरल्यासारखं नव्हे, पोटाच्या तळापासून उसळून आल्यासारखं. ती खोकत असली की मारणं थांबायचं, तिचं संपलं की पुन्हा सुरू. मी मूळची नाटे गावची. बंदरावरच्या आमच्या वाडीत बाईला मारल्याचा आवाज आला तर शेजारणी कडी वाजवायला मुहूर्त बघत नाहीत. पायात चपला अडकवल्या, गडगा ओलांडला आणि सरळ त्यांच्या पडवीत जाऊन उभी राहिले.

पडवीत खाटेवर एक चाळिशीची बाई पालथी पडली होती. कमरेखाली दोन उशा, डोकं खाटेच्या कडेवरून खाली, वेणी जमिनीला टेकलेली. शेजारी बनियनमधले एक म्हातारे गृहस्थ दोन्ही हातांनी तिच्या पाठीवर थापा मारत होते. मला बघूनही ते थांबले नाहीत.

“या, बसा. मारत नाहीये हो मी,” ते म्हणाले. “तुम्ही दात घासता ना, तसं हिचं हे रोजचं.”

“बाबा, त्यांना खुर्ची द्या,” खाटेच्या कडेखालून आवाज आला. “मी सुजाता जाधव. सध्या उलटी आहे, पण नमस्कार पोचला असं समजा.”

तेवढ्यात तिला उबळ आली. ती उठून बसली, दीर्घ श्वास घेतला, आरशावर वाफ धरावी तसा ‘हाऽ’ करून दोनदा सोडला आणि मग जी खोकायला लागली ती मला वाटलं आता हिचं आतडंच बाहेर येणार. शेवटी झाकणाच्या एका स्टीलच्या डबीत थुंकली, डबीत नीट निरखून बघितलं, झाकण लावलं आणि म्हणाली, “आज पिवळा. ठीक आहे. हिरवा असता तर डॉक्टर. चहा घेणार ना?”

मी चहा घेतला. भांडण राहूनच गेलं आणि पुढची सात-आठ वर्षं त्या घरातला चहा सुटला नाही.

जाधव गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. सगळ्या नोकरीत त्यांनी एकाही पोराला हात लावला नाही अशी त्यांची ख्याती. “आणि घरात बघा,” ते म्हणायचे, “पोटच्या पोरीला सकाळ-संध्याकाळ बडवतोय.” विनोद त्यांचा ठरलेला असायचा, पण तो करताना ते हसायचे नाहीत. हे बडवणं त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकवलं होतं. हात सपाट ठेवायचा नाही, ओंजळ धरल्यासारखा पोकळ ठेवायचा. सपाट हात नुसता लागतो. पोकळ हाताने आत चिकटलेला कफ सुटतो. गुरुजींनी तो हात आधी उशीवर गिरवला होता, पहिलीतली पोरं पाटीवर ग म भ न गिरवतात तसा.

सुजाताताईंना काय झालंय हे मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. त्यांना त्याची सवयच होती, कारण नाही सांगितलं तर लोक स्वतःच काहीतरी ठरवून मोकळे होत.

“तुमच्या श्वासाच्या नळीत आतून बारीक लव असते,” त्या म्हणाल्या. “दिवसरात्र हलते. धूळ, जंतू, कफ, सगळं वर ढकलते. तुम्हाला पत्ताही नसतो. म्हणजे घरात कायमची झाडू मारणारी बाई ठेवल्यासारखंच. माझ्याकडची बाई जन्मापासून संपावर आहे. मग झाडू मलाच मारायला लागतो. खोकला म्हणजे माझा झाडू. तो काढून घेतला तर आत उकिरडा होतो, सडतो, आणि एकदा फुप्फुस सडलं की ते काही परत येत नाही.”

एसटीत नोकरी असल्यामुळे संपाची भाषा त्यांच्या तोंडात बसलेली होती. दापोली स्टँडवर गाड्यांच्या घोषणा त्या करायच्या. मी पोस्टात काउंटरवर बसायचे, तिथपर्यंत त्यांचा आवाज यायचा. ‘दापोलीहून मंडणगडला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर’, मग खट्‌ करून माईक बंद, थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा खट्‌ आणि ‘लागलेली आहे’. त्या मधल्या शांततेत काय चाललं असेल हे स्टँडवरच्या प्रत्येक चहावाल्याला माहीत होतं. कधी माईक बंद करायचा राहून जायचा आणि अख्ख्या स्टँडवर खोकला घुमायचा. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाची माफी मागितली नाही.

त्यांची आणखी एक गंमत म्हणजे त्यांचं हृदय उजव्या बाजूला होतं. या आजारात काही जणांचं तसं असतं म्हणे, आतला सगळा संसारच आरशात बघितल्यासारखा. नवा डॉक्टर छातीला नळी लावायला लागला की त्या आधीच म्हणायच्या, “शोधत बसू नका, उजवीकडे राहायला आहे.” ही गोष्ट आळीत सगळ्यांना ठाऊक होती. सुजाताचं हृदय उलटं आहे म्हणून तिला हा आजार आहे, असंच जो तो समजून चालला होता. या समजुतीने पुढे किती नुकसान केलं ते मी डोळ्यांनी बघितलं.

लहानपणीचं त्या फार बोलत नसत. ते काकींकडून, म्हणजे त्यांच्या आईकडून कळलं. काकी तांदूळ निवडता निवडता सांगायच्या. “दोनदा टीबीची औषदं दिली गो हिला. वाडीतली मान्सं आमच्या घरात पानी पेयनाशी झाली. आपलीच मान्सं.” गुरुजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “पाणी न पिणारी माणसं आमच्या वडिलांनीही बघितली होती. आमच्या वेळी कारण तेवढं बदललं.” सुजाताताईंच्या पाठीवरचा एक भाऊ तान्हा असतानाच छाती भरून गेला होता. त्याला कुणी बडवलं नव्हतं, कारण तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. त्याच्यानंतरचा राहुल मात्र धडधाकट निघाला आणि पुढे मुंबईला नोकरीला लागला.

लग्नाची गोष्ट त्यांनी मला स्वतः सांगितली, पोट धरून हसत. त्या विशीत असताना खेडहून पाहुणे बघायला यायचे होते. मामी म्हणाली, मुलगी खोकली तर संपलंच. तिने खोकला दाबायचं औषध आणलं आणि दोन दिवस आधीपासून दिलं. सकाळचं बडवणंही बंद ठेवलं, न जाणो, कुणाच्या कानावर गेलं तर. बैठक छान झाली. मुलाच्या आईने जाताना सांगितलं, मुलगी शांत आहे, आम्हाला पसंत आहे. तिसऱ्या दिवशी सुजाताताई तापाने फणफणून मुंबईच्या इस्पितळात होत्या. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग त्यात कायमचा गेला. होकार आला होता, सुजाताताईंनीच नकार कळवला.

“आयुष्यात एकदाच शांत बसले,” त्या म्हणाल्या, “ते असं अंगाशी आलं.”

हसता हसता त्यांना उबळ आली. मी पाठीवर हात ठेवला. आतली खरखर तळहाताला लागली, भरल्या हुक्क्यासारखी. गुरुजींचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. त्या आठवड्यापासून सकाळची पाळी माझ्याकडे आली.

मला लक्षात राहिलंय ते करोनाच्या दिवसांतलं. गाड्या नुकत्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. मी पार्सलं घेऊन स्टँडवर गेले होते. चौकशीच्या खिडकीत सुजाताताई मास्क लावून बसल्या होत्या आणि खोकल्या. रांगेतला एक माणूस चार पावलं मागे उडाला आणि ओरडायला लागला. या बाईला घरी बसवा, आम्हाला मारायचंय का, वगैरे. बाकीचेही कुजबुजायला लागले. सुजाताताईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. माईक चालू केला.

“रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे,” त्यांनी सांगितलं. “तसंच प्रवाशांना सूचना. चौकशीच्या खिडकीतील बाईंचा खोकला जन्मापासूनचा आहे. तो कुणाला लागत नाही. बाईंना तुमचा लागू शकतो, तरी मास्क नाकावर घ्यावा. धन्यवाद.”

स्टँड हसलं. तो माणूस मास्क वर ओढून गाडीत जाऊन बसला. संध्याकाळी मी कौतुक करायला गेले तर त्या अंधारात पडवीत बसल्या होत्या. “मला आज फार भीती वाटली मीनल,” त्या म्हणाल्या. “त्या माणसाची नाही. त्याच्या जागी मीही मागे सरले असते.”

या सगळ्याच्या मधोमध राहुलच्या मुलीचा, आर्वीचा जन्म झाला होता.

राहुलने मामाची मुलगी प्रज्ञा केली होती. गुरुजींनीही आपल्या मामाचीच केली होती. त्यांच्याकडे ते चालत आलेलं होतं, आणि काकींना तर माहेरची पोर घरात येणार याचाच आनंद. मुंबईच्या डॉक्टरांनी पूर्वी बजावलं होतं की आई-बाप दोघांकडून तेच रक्त आलं की हा आजार उमटतो, नात्यात लग्नं करू नका. सुजाताताईंनी हे घरात सांगितलं. प्रज्ञा मुलगी म्हणून गुणाची होती, राहुलचा जीव तिच्यावर होता. सगळे म्हणाले, तू स्वतःच्या नशिबावरून दुसऱ्याचं ठरवू नकोस. त्या गप्प बसल्या.

पोर झाली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदय डाव्या बाजूला आहे, व्यवस्थित आहे. काकी आळीभर पेढे वाटत फिरल्या. “डावीकडं हाय गो, डावीकडं,” त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. गुरुजींसारखा शिकलेला माणूस, तोही त्या दिवशी मला म्हणाला, “सुटलो आम्ही.” राहुल मुंबईहून आला आणि लेकीच्या छातीला कान लावून बसला.

सुजाताताईंनी पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी मला म्हणाल्या, “हृदय जागेवर असलं म्हणजे लव हलतेच असं नाही. कितीतरी जणांचं जागेवर असतं. मी काल तिच्या पाठीवर हात ठेवला.”

“मग?”

“हाताला कळतं,” त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आर्वीचं नाक जन्मापासून वाहतं होतं. सकाळी उठली की ओला खोकला. कान फुटायचे. प्रज्ञाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण तिच्याकडे एक उत्तर होतं, आणि त्या उत्तराला ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. हृदय डावीकडे आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. सर्दी आहे, दापोलीची हवा दमट आहे, मोठी झाली की जाईल. सुजाताताईंनी तपासणीचं नाव काढलं की ती भांडी आपटायला लागायची. मला प्रज्ञाचा राग यायचा. आज वाटतं, त्या घरात रोज सकाळी काय चालतं हे बघत दिवस काढणाऱ्या बाईने स्वतःच्या लेकीबद्दल दुसरं काय मानावं?

ती पोरीला खोकला दाबायचं औषध द्यायची, मामीने दिलं होतं तसंच. ती मामी म्हणजे प्रज्ञाचीच आई, हे सांगायचं राहिलं. शिवाय तिने पोरीला शिकवलं, चारचौघांत खोकायचं नाही, तोंड मिटायचं. आर्वी शहाणी पोर. ती खोकला गिळायला शिकली. ओठ घट्ट मिटून, खांदे वर घेऊन, गाल फुगवून. माझ्या अंगणात खेळायला आली की मी हे बघायचे आणि मला धड बोलताही यायचं नाही, कारण पोर माझी नव्हती.

बुद्ध पौर्णिमेला त्यांच्याकडे वंदनेला आळीतली माणसं जमायची. सुजाताताईंनी तोवर नोकरी सोडली होती. नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन घरघरतंय. आर्वी पहिल्या रांगेत पांढरा फ्रॉक घालून हात जोडून बसली होती. वंदना चालू असताना तिला उबळ आली. तिने तोंड मिटलं. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हात जोडलेलेच. सगळ्यांना दिसत होतं.

“आर्वी, खोक,” सुजाताताई मोठ्याने म्हणाल्या.

वंदना थांबली. पोरीने आईकडे बघितलं. प्रज्ञा उठली आणि तिला उचलून आत घेऊन गेली.

माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात जे झालं त्याला मी होते. प्रज्ञा चुलीकडे तोंड करून उभी होती. “ताई, मला ती तुमच्यासारखी व्हायला नकोय,” ती म्हणाली.

“माझ्यासारखी म्हणजे कशी?”

“तुम्हाला माहितीये कशी.”

“मी इतकी वर्षं जगले ती खोकले म्हणून,” सुजाताताई म्हणाल्या. त्यांना दम लागत होता, शब्द तुटत होते. “आमचा तान्हा राहिला नाही. तो खोकायचा नाही, शहाणा होता, असं आई सांगते. तुला शहाणी पोर पाहिजे का जिवंत?”

प्रज्ञा रडायला लागली आणि म्हणाली, यापुढे माझ्या मुलीचं नाव काढायचं नाही. त्या दिवसापासून आत्याच्या खाटेकडे जायला आर्वीला बंदी झाली. सुजाताताईंना आजाराचं काय व्हायचं ते होवो, पण ही बंदी सोसवत नव्हती. सकाळी पालथ्या पडल्या की दारातून पोर दिसतेय का बघायच्या.

थोड्याच दिवसांत माझ्या बदलीची ऑर्डर आली, रत्नागिरीला, नवऱ्याच्या गावी; इतकी वर्षं तो तिकडे आणि मी इकडे. आनंदाची गोष्ट, पण मला पहिला विचार आला तो सुजाताताईंच्या पाठीचा. जायला अजून वेळ होता. मी सांगितलं, निघायच्या दिवसापर्यंत येत जाईन.

“नको,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून येऊ नको.”

मला राग आला. इतकी वर्षं गडगा ओलांडून येतेय, आणि हे असं? मी तोंड फुगवून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभी राहिले. बराच वेळ तिकडे काहीच आवाज नाही. मग एक सपाट, चुकीचा हात पडल्याचा आवाज आला. मग सुजाताताईंचा आवाज, “पोकळ. पोकळ धर. लागत नाही मला, भिऊ नको.”

ती प्रज्ञा होती. गुरुजींच्या हातात जोर नाही, मीनल चालली, आता तुझ्याशिवाय कुणी नाही, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. पहिले काही दिवस तो हात ऐकवत नव्हता. मग सुधारला. आर्वीबद्दल सुजाताताईंनी अवाक्षर काढलं नाही. फक्त एवढंच म्हणायच्या, “इथे हात ठेव. खरखर लागतेय? आता मी खोकते. पुन्हा ठेव. गेली?” रोज तेवढंच. प्रज्ञाला नीट थोपटता यावं म्हणून त्या शिकवतायत असंच मलाही वाटत होतं.

मग एका सकाळी प्रज्ञा माझ्या दारात आली. केस विंचरलेले नव्हते. “मीनलताई,” ती म्हणाली, “रात्री पोरीला झोपवत होते. पाठीवर हात ठेवला.” तिने नुसता हात पुढे केला, माझ्यासमोर धरला, जणू तळव्यावर काही चिकटलंय. मी तिला आत घेतलं. तेव्हा मला कळलं की सुजाताताईंनी मला का थांबवलं होतं.

राहुल रजा काढून आला, मुंबईला तपासण्या झाल्या. व्हायचं ते निदान झालं. खोकला दाबायच्या औषधाची बाटली प्रज्ञाने स्वतः मोरीत ओतली.

मी रत्नागिरीला आल्यावर पुढच्या पावसाळ्यात सुजाताताई गेल्या. गुरुजींनी फोनवर सांगितलं. मी गेले, रडले, सगळं झालं. पण मला त्या आठवतात त्या मी दापोली सोडली त्या सकाळच्या.

टेम्पोत सामान चढवून निरोप घ्यायला गेले होते. पडवीतल्या खाटेवर आर्वी पालथी पडलेली, उशा कमरेखाली, दोन शेंड्या खाली लोंबतायत. प्रज्ञा थोपटत होती. सुजाताताई भिंतीशी खुर्चीत, नाकाला नळी, डोळे मिटलेले. ओठ निळसर दिसत होते. आज त्यांची पाठ थोपटून झालेली नव्हती, ते श्वासावरून कळत होतं. मी खुणेने विचारलं, मी करू का? त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

आर्वीला उबळ आली. ती उठून बसली आणि सवयीने तोंड गच्च मिटलं, खांदे वर घेतले, आईकडे बघितलं.

“उघड तोंड,” प्रज्ञा म्हणाली. “खोक बाय. मोठ्यांदी खोक.”

पोर खोकली. आधी चोरून, मग एकदम मोकळी, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. प्रज्ञाने डबी पुढे धरली आणि मग ती तशीच सुजाताताईंकडे नेली. त्यांनी डोळे उघडले, डबीत बघितलं.

“पिवळा,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे.”

“आता तुम्ही या ताई,” प्रज्ञा उशा सारख्या करत म्हणाली.

“अजून आहे तिच्यात,” सुजाताताई म्हणाल्या. दोन श्वास घ्यायला थांबल्या. “आधी तिचं होऊ दे.”